चाळिशीतला प्रवेशअर्ज

सिल्लोड हे छत्रपती संभाजीनगर ते जळगाव रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मका, कापूस आणि मिरचीवर इथला संसार चालतो. विद्यापीठ गाठायचं तर पासष्टेक किलोमीटर जावं लागतं. इथल्या कितीतरी घरांत वीस वर्षांपूर्वी बी.ए. होऊन संसाराला लागलेली एक बाई असते, आणि एम.ए., बी.एड. होऊनही दुकान चालवणारा एक माणूस असतो. त्या दोघांचा हा संवाद मी रचला आहे. माणसं कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे नियम, वर्षं आणि अडचणी खऱ्या आहेत.

वहिनी एकेचाळीस वर्षांच्या, बचत गटाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), 2005च्या बी.ए. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, बियाणं-खतांच्या दुकानाचे मालक.

भाऊजी : दादा सांगत होता, तुम्ही एम.ए.चा अर्ज भरताय. अर्थशास्त्राचा.

वहिनी : हो. तुम्हाला ते पटणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

भाऊजी : पटण्याचं नंतर बघू. आधी सांगा, पुढे काय? मी एम.ए. केलं, बी.एड. केलं, नेट-सेटची पुस्तकं पाठ केली. मग तासिका तत्त्वावर शिकवलं. जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. शेवटी दुकान टाकलं. तुम्ही एम.ए. होईपर्यंत त्रेचाळीस वर्षांच्या व्हाल. नोकरी कोण देणार?

वहिनी : कुणी देणार नाही, असं धरूनच निघाले आहे. नियम मी वाचलेत. साध्या एम.ए.च्या प्रवेशाला वयाची अट नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या सीयूईटी-पीजी परीक्षेलाही नाही. नेट देऊन सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळवायलाही वयाची कमाल मर्यादा नाही. ज्युनियर रिसर्च फेलोशिपला मात्र तीस वर्षांची आहे, बायकांना पाच वर्षांची सूट. म्हणजे ती फेलोशिप मला मिळायची नाही. हे सगळं माहीत असून अर्ज करते.

भाऊजी : मग ही हौस झाली. हौसेला माझी ना नाही. पण प्रवेश जून-जुलैत. त्याच दिवसांत बियाणं, खत, मिरचीची रोपं, मजुरी. घरात रोख पैसा सगळ्यात कमी तेव्हाच असतो. तुमच्या घरची उधारी माझ्याच वहीत असते, म्हणून बोलतो.

वहिनी : नुसती हौस असती तर वाचनालयात भागलं असतं. माझी अडचण वेगळी आहे. माझ्याकडे एक प्रश्न आहे आणि तो सोडवायची रीत मला येत नाही.

भाऊजी : कसला प्रश्न?

वहिनी : मिरचीचा. घरचा हिशोब लग्नानंतर माझ्याकडे आला. प्रत्येक तोडा कधी झाला, किती किलो निघाला, काय भाव लागला, तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, आडत, सगळं मी लिहीत आले. 2016च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं. माझ्याकडे त्याच्या आधीच्या वर्षांचे हिशोब आहेत आणि नंतरचेही. कागदावर आडत गेली. पण हातात पडणारा पैसा वाढला का? की खरेदीदारानं तेवढा भाव खाली धरला आणि आमची कपात फक्त नजरेआड झाली?

भाऊजी : याचं उत्तर मी आत्ता देतो. दुकानात बसून रोज ऐकतो.

वहिनी : मीही ऐकते. पण ते सगळं वाटणं झालं, सिद्ध करून दाखवणं वेगळं. एका घराचे आकडे म्हणजे पुरावा होत नाही. किती घरांचे आकडे घ्यावेत, ती घरं कशी निवडावीत, पावसानं पडलेला भाव आणि व्यापाऱ्यानं पाडलेला भाव वेगळे कसे काढावेत, आपला बाजार आणि भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा बाजार यांची तुलना कशी करावी, यातलं मला काहीही येत नाही. अर्थशास्त्रात याच्या पद्धती आहेत. त्या शिकायला जायचं आहे.

भाऊजी : हे काम विद्यापीठातले प्राध्यापक करतील की.

वहिनी : करतील, आणि माझ्यापेक्षा चांगलं करतील. पण त्यांना बायका आपले हिशोब दाखवणार नाहीत. त्यात घरातलं कर्ज दिसतं, सावकार दिसतो, माहेरून आणलेले पैसे दिसतात. 'उमेद' अभियानाच्या बचत गटांत मी इतकी वर्षं बसते, म्हणून मला दाखवतात. बावीस वर्षांच्या हुशार मुलीकडे पद्धत असेल, पण असा विश्वास तिला कुठून मिळणार? माझ्याकडे विश्वास आहे, पद्धत नाही. दोघींतल्या मलाच आपल्याकडे नसलेली गोष्ट शिकून मिळवता येण्यासारखी आहे.

भाऊजी : मुद्दा चांगला मांडलात. तरी लेकराच्या वयाच्या पोरांत बसायला जड जाईल.

वहिनी : ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची माझी पदवी आहे, त्यांचंच बघा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. इथे ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं कर्ज दिलं, आणि 1920च्या जुलैमध्ये ते पुन्हा निघाले. शिकवणारा माणूस परत शिकणाऱ्याच्या बाकावर बसला. 1921 साली एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला परत पाठवला, तोही पुन्हा लिहून दिला आणि 1923 साली पदवी घेतली. त्या प्रबंधाचा विषयही आपल्या देशातल्या पैशाचाच होता.

भाऊजी : ते एकोणतीस वर्षांचे होते, वहिनी. आणि तुम्ही गोष्टीचा अर्धा भाग सांगितलात. ते लंडनला होते तेव्हा परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढत होत्या. तुटपुंज्या पैशात, आजारी लेकरं सांभाळत. एक माणूस शिकायला जातो तेव्हा दुसरं कुणीतरी त्याचं ओझं उचलतं. तुमचं कोण उचलणार? आई सत्तरीच्या. पोरगी बारावीला.

वहिनी : हे तुम्ही बरोबर बोललात. असे दाखले देताना आपण पदव्या मोजतो आणि घरातलं माणूस विसरतो. म्हणून मला दुसरी एक बाई जास्त जवळची वाटते. पार्वतीबाई आठवले. धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी. लहान वयात वैधव्य आलं, पदरात मुलगा. उशिरा शिकल्या आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून निधी जमवू लागल्या. इंग्रजीवाचून अडतं हे कळल्यावर 1918 साली, पंचेचाळिशी उलटल्यावर, त्या इंग्रजी शिकायला आणि मदत मिळवायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. कामात जे कमी पडत होतं तेवढं शिकायला त्या निघाल्या होत्या. माझंही तसंच आहे.

भाऊजी : मोठी माणसं होती. त्यांच्या दाखल्यांवर घर चालत नाही.

वहिनी : मग दाखले सोडू. व्यवहार बोला.

भाऊजी : बोलतो. रोज बसनं संभाजीनगरला जाणार? वर्ग दोन तासांचे आणि प्रवास त्याहून जास्त. आपल्या गावातल्या कॉलेजात विषय असला तर प्रश्न मिटला, नाहीतर सरळ कुठेतरी नाव टाकून ठेवा. हजेरीचं बघून घेतात. परीक्षेपुरतं जायचं. निम्मे लोक तसंच करतात.

वहिनी : तसं करून पदवी मिळेल. मला पद्धत शिकायची आहे, ती कशी मिळेल? वर्गात न बसता नियमित विद्यार्थिनी म्हणवून घ्यायचं आणि फी भरून कोऱ्या डोक्यानं परत यायचं, तर त्यापेक्षा खत घेतलेलं बरं. मला वर्ग जमणार नाही हे मान्य करून मी मुक्त विद्यापीठाचा रस्ता धरते आहे.

भाऊजी : बाहेरून केलेल्या डिग्रीला कोण विचारतं?

वहिनी : विचारावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020च्या विनियमांप्रमाणे, मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989पासून आहे, मराठीतून शिकता येतं. विषय यंदाच्या माहितीपुस्तिकेत आहे का, ते बघावं लागेल. इग्नूमध्ये अर्थशास्त्राचं एम.ए. आहे. दोन वर्षांचं, पण चार वर्षांत पुरं केलं तरी चालतं. प्रवेश जानेवारीतही होतो आणि जुलैतही.

भाऊजी : मग जानेवारीत घ्या. तोवर कापूस विकलेला असेल, मक्याचे पैसे आलेले असतील. फी जूनमध्ये काढायची आणि त्यासाठी व्याजानं पैसे आणायचे, हा वेडेपणा मी करू देणार नाही.

वहिनी : हे मला सुचलं नव्हतं. जानेवारीच बरी.

भाऊजी : आणि एजंटापासून दूर राहा. माझ्या दुकानात येऊन पत्रकं ठेवून जातात. सहा महिन्यांत डिग्री, मागच्या तारखेची डिग्री, परीक्षा घरी.

वहिनी : आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डेबच्या, संकेतस्थळावर त्या वर्षी कोणत्या विद्यापीठाला कोणत्या विषयाची मान्यता आहे, ते दिलेलं असतं. विद्यापीठ खरं असलं तरी तो विषय त्या वर्षी मान्य असेलच असं नाही, म्हणून दोन्ही बघायचं. 2024पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आपला डेब आयडी स्वतः काढावा लागतो. तो एजंटाच्या मोबाइलवर काढायचा नाही, एवढं मला कळतं.

भाऊजी : कागदं? तिथेच निम्म्या बायका अडतात.

वहिनी : अडतात खऱ्या. माझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मधला दुवा म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर राजपत्रात नावबदल. आमचं लग्न झालं तेव्हा नोंदणी कुणी केली नव्हती, ती आधी करून घेते. पदवीचं प्रमाणपत्र मी आणलेलंच नाही, नुसती गुणपत्रिका आहे. ते विद्यापीठातून काढायचं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर बहुधा स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. शिक्षणात खंड पडला म्हणून प्रतिज्ञापत्र मागितलं तर तेही. ही सगळी कामं अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाहीत. दिवाळीआधी संपवायची आहेत.

भाऊजी : बरं, एक खरं बोलू? तुम्ही गणित दहावीनंतर सोडलं. अर्थशास्त्राच्या एम.ए.त गणित, सांख्यिकी टळत नाही. माझ्या बरोबरची बी.ए.ची पोरं त्यातच गळाली. वर इग्नूची पुस्तकं इंग्रजीत नाहीतर हिंदीत. तिथे तुमचे हिशोब कामाला येणार नाहीत.

वहिनी : याचीच मला खरी भीती आहे. म्हणून फी भरण्याआधी स्वतःची परीक्षा घेणार आहे. सरकारच्या 'स्वयम्' संकेतस्थळावर 2017पासून कॉलेजांतले अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. सांख्यिकीचा पहिला अभ्यासक्रम घेते. तो पुरा झाला तर अर्ज. मधेच सुटला तर वर्षभर थांबेन, पोरीबरोबर अकरावी-बारावीचं गणित करेन. अपयश फुकटात आलेलं बरं.

भाऊजी : आणि डिसेंबरच्या परीक्षेचं काय? तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, मजूर मिळत नाहीत.

वहिनी : इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. एकीला पेरणी, एकीला वेचणी. शेतकऱ्याच्या घरची सोय बघून परीक्षा कुणी लावलेल्या नाहीत. म्हणून चार वर्षांची मुदत मला मोलाची वाटते. दर वेळी सगळे पेपर द्यायचे नाहीत, झेपतील तेवढे द्यायचे. स्वाध्याय पावसाळ्यातल्या मोकळ्या दिवसांत लिहायचे.

भाऊजी : चार वर्षं म्हणजे पंचेचाळीस. नंतर पीएच.डी. म्हणाल.

वहिनी : म्हणेनही. त्याचेही नियम बघून ठेवलेत. एम.ए.ला पंचावन्न टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना पन्नास. 2022च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि बायकांना त्यावर दोन वर्षांची सवलत. अर्धवेळ करता येते, पण दूरशिक्षणातून करता येत नाही. तिथे मार्गदर्शक समोर बसून विचारतील, तुमचा प्रश्न काय? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर असेल. पण तो विचार आज करत नाही. एम.ए.च्या प्रकल्पात गटातल्या बायकांचे हिशोब नीट मांडता आले, तरी माझे पैसे वसूल.

भाऊजी : म्हणजे मधेच थांबायची तयारीही आहे.

वहिनी : आहे. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांच्या एम.ए.तून एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन थांबायची सोय ठेवली आहे. क्रेडिट बँकेत मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत वापरता येतात. आपण निवडू त्या विद्यापीठात हे कसं लागू आहे, ते विचारून घेईन. पूर्वी मधेच सुटलं की सगळं वाया जायचं. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली दुसऱ्या वर्षाला लग्न होऊन गेल्या, त्यांच्या हातात काहीच राहिलं नाही.

भाऊजी : तुम्ही माझ्यापेक्षा तयारीनं आलात. तरी मी म्हणतो, या पदवीनं घरात एक रुपया येणार नाही.

वहिनी : बहुतेक येणार नाही. तुमचं हे म्हणणं मी खोडत नाही. पण प्रत्येक शिक्षणाला नोकरीच्याच मापानं मोजलं तर तुमची एम.ए.ची पदवीसुद्धा फुकट गेली म्हणावं लागेल. ती फुकट गेली का?

भाऊजी : कधीकधी वाटतं, गेली. मी एम.ए.ला गेलो तेव्हा माझ्याकडे विचारायला काहीच नव्हतं. बी.ए. झालं, घरी बसायची लाज वाटत होती, मित्र जात होते म्हणून गेलो. दोन वर्षं नोट्स पाठ केल्या. मला कुणी विचारलंच नाही की तुला यातून काय शोधायचं आहे.

वहिनी : बाविसाव्या वर्षी ते कुणालाच ठाऊक नसतं. तुम्ही ज्याला माझं वय म्हणता, त्याच वयानं मला शोधायचं काहीतरी दिलं. वीस वर्षं बाजार बघितला नसता तर आडतीचा विचार माझ्या डोक्यात आला नसता. म्हणून मी उशीर केला असं मला वाटत नाही. आणखी पाच वर्षं नुसतं बोलत राहिले, तर मात्र उशीर होईल.

भाऊजी : मग दोन अटी घाला. एक, कर्ज काढायचं नाही. दोन, अर्ज भरायच्या आधी दादासमोर, आईंसमोर बसून ठरवा की अभ्यासाच्या वेळी स्वयंपाक कोण करणार, जनावरं कोण बघणार, परीक्षेच्या दिवसांत शेतात कोण जाणार. तोंडी नको, माणसागणिक कामं लिहा. शिकायला सगळे हो म्हणतात, भाकऱ्या थापायला कुणी उठत नाही.

वहिनी : तुमचं नाव लिहू?

भाऊजी : वेचणीच्या दिवसांत मजुरांकडे मी बघेन. आणि सांख्यिकी अडली तर माझी जुनी पुस्तकं आहेत. मराठीतली आहेत.

वहिनी : चालेल. आणि एक काम तुम्ही तुमच्या दुकानातून करायचं. तिथे रोज किती बायका येतात, बी.ए., बी.कॉम. झालेल्या, बचत गटांचे लाखोंचे व्यवहार सांभाळणाऱ्या. त्यांना एम.ए. करा म्हणून सांगू नका. त्यांना विचारा, इतक्या वर्षांच्या कामात असं काय दिसलं ज्याचं उत्तर तुम्हाला कुणी दिलं नाही? जिच्याकडे असा प्रश्न असेल, तिला माझ्याकडे पाठवा. कागदपत्रांचं मी सांगेन.

भाऊजी : आणि जिच्याकडे नसेल?

वहिनी : तिला तुमचा हिशोब सांगा. तो खोटा नाही. पण विद्यापीठांनीही एक करायला हवं. अर्जात ते विचारतात, शिक्षणात खंड का पडला? आम्ही प्रतिज्ञापत्रावर घरगुती कारण लिहितो आणि वीस वर्षं एका ओळीत संपतात. त्याच अर्जात त्यांनी आणखी एक रकाना ठेवावा : या वर्षांत तुम्ही काय केलंत आणि त्यातून काय जाणून घ्यायचं आहे? आमच्यासारख्या अर्जदारांची पात्रता त्या रकान्यात दिसेल, आणि वर्गात काय शिकवायला हवं हे शिकवणाऱ्यांनाही कळेल.